बांधणीला आलेलं पुस्तक

पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली,
पहिली सहा पानं कुणी नेली ते येमूल बाईंनाही माहीत नाही.
त्यामुळं मला ती माणसं भेटली ती थेट गाडीतच.
बाप, आई, दोन पोरी, कडेवरचं बाळ
आणि चहूकडं गवत.
कुठून निघाले, का निघाले,
ते फाटल्या पानांबरोबर गेलं.

एकोणीस वर्षं मी वाचनालयाची पुस्तकं बांधते.
पाठीवरून ओळखते, पोटात शिरत नाही.
मुलांच्या कपाटातल्या तर कधीच नाही.
मी मूल होते तेव्हा शेजारणीच्या विड्यांची पानं कापायचे,
वाचायची पानं वेगळी असतात हे उशिरा कळलं.

पण एप्रिल होता. बेचाळीस डिग्री, लाइट गेलेली,
खळ नुकतीच उतरवलेली.
ती निवेपर्यंत म्हणून एक पान वाचलं.
सातव्या पानावर गवत, तिसाव्यावर बर्फ,
तोवर भांड्यातली खळ वाळून खडा झाली होती.

बाप घर बांधतो. एकही खिळा नाही,
लाकडाला लाकूड खाचेत बसवून.
ते मी दोनदा वाचलं, कारागिराची चूक शोधत.
सापडली नाही.
आई मिठाचा डबा उशाशी घेऊन झोपते.
धाकटीच्या पायात थोरलीचे बूट,
थोरलीच्या पायात चिंध्या.
एकावन्नाव्या वर्षी मला वाटलं, आपण धाकटी व्हावं,
गाडीच्या मागल्या फळीवर पाय सोडून बसावं
आणि लांब जाणारी वाट बघावी.

तशी बसलेली माणसं आमच्यातही होती.
आजा तायाप्पा लहानपणी गाढवाच्या पाठीवर असायचा,
एका बाजूला कोंबड्यांचं खुराडं,
दुसऱ्या बाजूला तो, तोल साधायला.
नान्नजकडचं गवत त्याला म्हातारपणी घोट्यांत आठवायचं.
मग सायबाची तार आली, तीनपदरी.
तारेच्या आत खोल्या, खोल्यांवर नंबर,
दिवसातून दोनदा हजेरी, गिरणीत जायचं तर पास.
त्या जागेचं नाव सेटलमेंट.
अजून तेच आहे.
रिक्षावाल्याला सांगा, आणून सोडतो.

म्हणून असेल,
वाचता वाचता मी वाट बघत होते
की आता कुणीतरी घोड्यावरून येईल
आणि बापाला म्हणेल, नाव सांग, अंगठा दे.
कंदील जवळ ओढला. एकशे साठ पानं झाली.
कुणी आलं नाही.

एकशे एकसष्टाव्या पानावर
धाकटीला गवतात चुलीचे तीन दगड सापडतात, काळे,
आणि एक खापर, कडेला नखानं काढलेली नक्षी.
"हे कुणाचं?"
"कुणाचं नाही," आई म्हणते, "टाक ते."
पोर टाकते. पुढच्या ओळीत पाव फुगतो.

मी पुस्तक मिटलं नाही. रागावलेही नाही.
नुसतं त्या ओळीवर माझं खळीचं बोट राहिलं,
उचलताना कागद जरासा सोलला.
कुणाचं नाही कसं?
नखं होती की.

सकाळी फर्मे जुळवले, शिवण घातली.
पाठीला आतून अस्तर लागतं, रद्दीतला कागद चालतो.
हाताला आलं कुठल्याशा शाळेचं जुनं हजेरीबुक.
हजर, हजर, गैरहजर, हजर.
एक पान कापून पाठीत डकवलं,
वरून कापड ओढलं.
बाहेरून काही दिसत नाही.
गेलेल्या सहा पानांच्या जागी कोरी घातली.

"आता सपाट पडतंय," येमूल बाई म्हणाल्या
आणि शिक्का मारला.

शनिवारी एका पोरीनं ते नेलं.
टेबलापाशीच उभी राहून उलटत होती,
एक पान, दुसरं, तिसरं.
"मावशी, ह्यात काहीच नाही."
"थांब की," म्हटलं,
"गाडी निघायचीय अजून."